दख्खनमधील मेंढीपालन आणि मटण-व्यापार : लोकर, लेंडी आणि वजनकाटा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, महसूल, सावकारी, पाटबंधारे, ऊस आणि सहकार या विषयांभोवती झाले आहे. पशुधनाचा उल्लेख त्यात येतो तो बैल आणि दुभती जनावरे यांच्या निमित्ताने. मेंढी आणि शेळी यांना या लेखनात स्वतंत्र स्थान क्वचितच मिळाले. मेंढपाळ समाजाचा अभ्यास झाला, परंतु तो मुख्यतः दैवते, लोकगीते, यात्रा आणि स्थलांतर या अंगांनी. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांचा मागोवा घेताना (त्यांचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला) धनगरांच्या फिरतीचे जे चित्र उभे केले, ते आजही या विषयाचे पायाभूत साहित्य मानले जाते. कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी धनगरांच्या पोटजातींचा परिसरविज्ञानाच्या दृष्टीने अभ्यास केला. मात्र मेंढी हे अखेर मटणाच्या दुकानात पोहोचणारे जनावर आहे, ही साधी गोष्ट या लेखनाच्या कडेलाच राहिली. आपल्या अभ्यासकांना धनगराची ओवी ऐकायला आवडते, त्याच्या बाजारातला व्यवहार पाहायला तितकासा नाही, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होऊ नये.

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातील मेंढीपालन शतकानुशतके कसे टिकून राहिले आणि गेल्या दीडशे वर्षांत त्याचा आधार कसा बदलत गेला, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : हा व्यवसाय मांसाच्या किमतीवर कधीच उभा नव्हता. तो लेंडीखत, लोकर, कोकरे आणि सुगीनंतरच्या शेतातील चराई या चार गोष्टींच्या एकत्रित उत्पन्नावर उभा होता. त्यांतील तीन आधार एकामागून एक ढासळले आणि मांस हा जवळजवळ एकमेव आधार उरला. परंतु ज्या साखळीतून हे मांस शहरापर्यंत जाते, त्या साखळीची बांधणी मेंढपाळाला डोळ्यांसमोर ठेवून कधीच झाली नाही. शासकीय धोरणही दीर्घकाळ लोकरीच्या मागे धावले आणि मांसाकडे वळले तेव्हा ते जातीच्या सुधारणेपुरते वळले. चराई आणि वजनकाटा हे दोन प्रश्न तसेच राहिले.

लाल मांस या संज्ञेत गोवंशाचे आणि म्हैसवर्गाचे मांसही येते. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्यात १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली, मात्र राज्याबाहेरून आणलेले गोमांस बाळगणे गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द केली. या कायद्याचा कोरडवाहू शेतकऱ्याच्या अर्थकारणावर झालेला परिणाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे मर्यादा शेळी-मेंढीपुरती, त्यातही मुख्यतः मेंढीपुरती ठेवली आहे.

चराईचा करार

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे, त्यात माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, कर्जत, जामखेड ही तालुक्यांची माळ येते. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, जमीन उथळ, गवत आखूड. दख्खनी मेंढी ही याच प्रदेशाची निर्मिती आहे. ती काळी, काटक आणि लांब चालणारी. तिची लोकर जाडीभरडी. ओल्या जमिनीत तिचे खूर सडतात, म्हणून पावसाळ्याचे चार महिने मेंढपाळ या कोरड्या माळावर काढतो आणि दिवाळीनंतर वाडे हलवतो. कोणी घाट उतरून कोकणात भाताच्या खाचरांत जातो, कोणी भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात, कोणी मराठवाड्याच्या काळ्या रानात. वळवाचे वारे सुटले की परतीची वाट.

या फिरतीला केवळ गवताचा शोध समजणे ही अर्धी समजूत आहे. मेंढपाळ ज्या गावात जाई, तेथे त्याची वाट पाहिली जात असे. सुगी संपलेल्या शेतात रात्री वाघर लावून मेंढरे बसवावयाची आणि सकाळी जाळे पुढच्या तुकड्यात न्यावयाचे, अशा रीतीने आठ-पंधरा दिवसांत सगळे शेत लेंडी आणि मूत्राने खतावले जाई. त्याबदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देई, क्वचित रोख रक्कमही. धाटे, पालापाचोळा आणि बांधावरचा चारा मेंढ्यांना मिळे तो वेगळाच. म्हणजे एकाच व्यवहारात जनावराचा खुराक, मेंढपाळाच्या कुटुंबाचे वर्षाचे धान्य आणि शेतकऱ्याचे खत या तिन्ही गोष्टी भागत. वर्षातून दोनदा कातरणी होई. लोकर सणगरांकडे जाई आणि तिची घोंगडी होत. घोंगडे म्हणजे शेतकऱ्याचे पावसातले छत्र, रात्रीचे अंथरूण-पांघरूण आणि देवाच्या कार्यातले आसन.

या सगळ्यात मांसाचे स्थान कोणते? नर कोकरे विकली जात, म्हाताऱ्या आणि वांझ मेंढ्या विकल्या जात. जत्रेला, नवसाला मेंढा दिला जाई. परंतु विक्री ही नड असेल तेव्हाची गोष्ट होती. लग्न, आजारपण, कर्जाचा हप्ता, दुष्काळाची चाहूल. कळप ही ठेव होती आणि मांस हे त्या ठेवीतून काढलेले पैसे होते. हे ध्यानात घेतले म्हणजे मेंढपाळ बाजारात भावासाठी फारसा का अडून बसत नसे, हेही समजते. ज्याचे धान्य शेतातून आणि रोकड लोकरीतून येते, त्याला एका कोकराच्या भावात फसगत झाली तरी वर्ष बुडत नाही. पुढे आधार बदलले. विकण्याची रीत मात्र तीच राहिली.

याच समाजातून मल्हारराव होळकरांसारखा सेनानी आणि चौंडीच्या अहिल्यादेवींसारखी राज्यकर्ती निर्माण झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या वैभवाची आठवण आज योजनांच्या आणि महामंडळांच्या नावांतून जागवली जाते. त्यावर येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

कुंपणात गेलेले माळ

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो जमिनीवरील हक्काच्या बाजूने. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव आणि संरक्षित वनांचे वर्ग पाडले. डोंगरउतार आणि कुरणे वनखात्याच्या ताब्यात गेली, चराईसाठी परवाना आणि फी आली, गुरे अडकवून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार आला. वनखात्याच्या दृष्टीने शेळी आणि मेंढी ही कोवळी रोपे खाणारी, म्हणून सर्वांत उपद्रवी जनावरे होती. बैलाला काही सवलत मिळे, कारण बैल शेतसारा निर्माण करणाऱ्या शेतीचा भाग होता. मेंढीमागे सरकारला तसा महसूल दिसत नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गोरगरिबांची चराऊ राने गिळंकृत केल्याचा मुद्दा आग्रहाने मांडला आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतली की त्या आग्रहाची तीव्रता कळते. चाऱ्याची सर्वाधिक गरज असलेल्या काळातच चाऱ्याची दारे बंद होत होती.

दुसरा धक्का सिंचनाचा. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पुढील शतकात कालवे, धरणे आणि विहिरींनी पश्चिम महाराष्ट्राचे रूप पालटले. बागायती शेतात वर्षभर पीक उभे असते. मेंढरे बसवायला शेत मोकळे राहतच नाही. ऊस बारा-अठरा महिने हलत नाही. उसाच्या वाढ्यांचा चारा जनावरांना मिळतो, पण ती दावणीच्या जनावराची सोय झाली, फिरत्या कळपाची नव्हे. याच काळात रासायनिक खते सुलभ झाली आणि लेंडीखतासाठी धान्य मोजून देण्याची निकड उरली नाही. अलीकडे सेंद्रिय शेतीच्या निमित्ताने मेंढ्या बसवण्याला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. मात्र अधिक शेतांत उभी पिके, कुंपणे आणि वस्त्या असताना एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला कळप न्यायचा कोठून, हा प्रश्न त्या मागणीने सुटत नाही.

तिसरी गोष्ट गायरानांची. अतिक्रमणे, सार्वजनिक इमारती, औद्योगिक वसाहती, वनीकरणाचे चर आणि रोपे यांनी गायराने आकसली. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमानंतर वनजमिनीवरील निर्बंध अधिक घट्ट झाले. नान्नज येथील माळढोक अभयारण्य (१९७९) आणि रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य (१९८०) ही दोन्ही ज्या माळरानांवर उभी राहिली, ती मेंढरांचीही राने होती. माळढोक किंवा काळवीट यांचे संरक्षण चुकीचे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु माळरान म्हणजे पडीक जमीन, हा जो ब्रिटिशकालीन महसुली समज आहे, त्याने माळढोकाचे आणि मेंढपाळाचे सारखेच नुकसान केले. शासनदप्तरी जी जमीन ‘पड’ म्हणून नोंदली जाते ती कोणाचे तरी कुरण असते, ही नोंद मात्र कोठेच होत नाही.

लोकरीमागे धावलेले धोरण

शासनाने मेंढीकडे लक्ष दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लक्ष दिले, पण ते लोकरीच्या चष्म्यातून. कंपनी सरकारच्या काळापासूनच दख्खनी मेंढीची भरड काळी लोकर हा तिचा दोष मानला गेला आणि मेरिनोच्या संकरातून ती मऊ व पांढरी करण्याचे प्रयोग झाले. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांमधून हेच सूत्र पुढे आले. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींचे नर शासकीय प्रक्षेत्रांवर आणले गेले, संकरित मेंढे मेंढपाळांना वाटले गेले. संकरित मेंढीची लोकर प्रक्षेत्रावर चांगली वाटली; पण ती दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालू शकत नव्हती. दुष्काळात ती लवकर खचत होती, आणि काळ्या घोंगडीच्या बाजाराला तिच्या पांढऱ्या लोकरीचे काहीच प्रयोजन नव्हते. मेंढपाळांनी या मेंढ्यांकडे पाठ फिरवली. त्याला अडाणीपणा म्हटले गेले. वस्तुतः तो हिशेब होता.

१९७८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात गोखलेनगर येथील मेंढी फार्मवर मुख्यालय असलेल्या महामंडळाचे नाव आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ असे आहे. महूद, रांजणी, दहिवडी, पडेगाव, अंबाजोगाई, मुखेड, तीर्थ, पोहरा, बिलाखेड, बोंद्री अशी त्याची प्रक्षेत्रे राज्यभर विखुरलेली आहेत. पैदाशीचे नर पुरवणे आणि प्रशिक्षण देणे ही कामे या प्रक्षेत्रांनी केली. पण विक्रीव्यवस्था, म्हणजे मेंढपाळाकडून जनावर वजनावर विकत घेऊन ते प्रक्रियेपर्यंत नेणारी यंत्रणा, हे त्याचे मुख्य कार्य कधी झाले नाही.

दरम्यान लोकरीचा बाजारच आटला. गिरणीच्या आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडी टिकली नाही. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नाही. मेंढी उन्हाळ्यात हलकी व्हावी म्हणून ती कातरली जाते आणि लोकर बांधावर टाकून दिली जाते. एकेकाळी ज्या वस्तूसाठी परदेशातून नर आणले, ती आज कचऱ्यात जात आहे. मेंढपाळांनी स्वतःहून वजनदार जातींचे नर कळपात आणले. जत तालुक्यातील माडग्याळची उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची मेंढी याच कारणाने दूरवर गेली. तिच्या नराला शौकिनांच्या बाजारात मिळणाऱ्या किमती हा एक वेगळाच प्रकार आहे. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागल्याची बातमी देशभर गाजली. त्या बोलीचा मटणाच्या अर्थकारणाशी सुतराम संबंध नाही, पण मेंढपाळी हा किफायतशीर धंदा असल्याचा गैरसमज पसरवायला ती पुरेशी ठरली.

मांसाच्या दिशेने झालेले सर्वांत गंभीर संशोधन शासकीय प्रक्षेत्राबाहेर झाले, हे नमूद केले पाहिजे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) दख्खनी मेंढीला जुळी कोकरे व्हावीत यासाठी सुंदरबनातील गरोळ या लहानखुऱ्या मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनीत आणले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या सहकार्याने जनुकचाचणीची जोड त्याला मिळाली आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. या जनुकाचा प्रवास मोठा रंजक आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात नेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर ते तिकडे गेले असावे, असे संशोधक मानतात. तेथील मेरिनोमध्ये ते शोधले गेले, तेथील ‘बुरूला’ हे नाव त्याला मिळाले आणि मग दोन शतकांनी त्याचा मूळ स्रोत बंगालमध्ये असल्याचे ध्यानात आले.

मात्र जुळे हे वरदान केव्हा ठरते? मेंढीला दोन कोकरांपुरते दूध येईल इतका चारा मिळत असेल तेव्हा. रोज मुक्काम हलवणाऱ्या कळपात एक कोकरू काखेत घेऊन चालता येते; तीस मेंढ्यांना साठ कोकरे झाली तर घोडा आणि माणसे दोन्ही अपुरी पडतात. म्हणून बैठ्या किंवा अर्धबैठ्या पालनात ही मेंढी लाभाची आणि लांब फिरतीत जोखमीची ठरते. संशोधन खरे आहे, उपयुक्तही आहे. परंतु जनुकाचा प्रश्न फिरून चाऱ्याच्याच दाराशी येऊन थांबतो.

बाजार, हेडी आणि खाटीक

आता साखळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. मेंढपाळ कोकरू विकतो ते बहुधा दोन ठिकाणी : वाड्यावर आलेल्या हेड्याला, म्हणजे जनावरांच्या फिरत्या व्यापाऱ्याला, किंवा आठवडा बाजारात. लोणंद, आटपाडी, सांगोला, चाकण हे शेळ्या-मेंढ्यांचे नावाजलेले बाजार. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली बाजार समित्यांनी यांतील अनेक बाजारांना आवारे दिली, पावत्या दिल्या, पाण्याची सोय केली. सौद्याची रीत मात्र बदलली नाही. जनावराच्या पाठीवर आणि कमरेवर हात दाबून मांसाचा अंदाज घ्यावयाचा आणि नगावर भाव ठरवावयाचा, हीच पद्धत आजही सर्रास चालते.

यात तोटा कोणाचा, हे थोड्या हिशेबाने कळते. वीस किलो जिवंत वजनाच्या बोकडापासून साधारण नऊ ते दहा किलो मटण मिळते. खाटीक आणि हेडी दररोज जनावरे घेतात आणि कापल्यानंतर खरे वजन पाहतात; त्यांचा अंदाज रोज तपासला जातो. मेंढपाळ वर्षातून काही वेळा विकतो आणि त्याचे जनावर किती भरले हे त्याला कधीच कळत नाही. अंदाजात दोन किलोची चूक म्हणजे सुमारे एक किलो मटण, आणि किरकोळ दर सहाशे रुपये धरला तर एका नगामागे तितकीच रक्कम. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते हे खरे. पण ज्याचा सराव रोजचा आहे त्याच्या बाजूने ती अधिक वेळा पडते.

येथे सहकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कोल्हापूर जिल्ह्यात १९६३ मध्ये दूध उत्पादक संघ स्थापन झाला. मग ऊस आणि दूध यांच्या बाबतीत जे झाले ते मटणाच्या बाबतीत का झाले नाही? वस्तूच्या स्वरूपातील फरक हे एक कारण आहे. दूध दररोज दोनदा येते, मोजले जाते, फॅट काढली जाते. ऊस काट्यावरून गेल्याखेरीज गव्हाणीत पडत नाही. कोकराची विक्री अनियमित आणि नडीची. पण मोठे कारण सामाजिक आहे. सहकार उभा केला तो जमीनधारक, एका गावात राहणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याने. वर्षातले आठ महिने गावाबाहेर असणारा, तारण म्हणून फक्त चालते-फिरते जनावर असलेला मेंढपाळ ना संस्थेच्या सभेला हजर राहू शकत होता, ना बँकेच्या लेखी पतदार होता. शेळीची गोष्ट आणखी वेगळी. उस्मानाबादी शेळी ही भूमिहीन आणि अल्पभूधारक घरातील बाईच्या हाती असते, आणि त्या घराला सहकाराने भागधारक मानल्याची उदाहरणे थोडीच.

खाटकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. ते या विषयाच्या आकलनाला साहाय्यक नाही. त्याचा व्यवसायही जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवर राहिला आणि त्याची मिळकत केवळ मटणावर नव्हती. मुंडी, पाय, वजडी आणि कातडे यांतून त्याचा खर्च निघे आणि मटणाचा दर त्यामुळे आवाक्यात राही. गेल्या दशकात शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याचे भाव इतके कोसळले की काही वेळा ते नेण्यासही कोणी तयार होईना. ही घट भरून काढावयाची तर दोनच मार्ग : गिऱ्हाइकाकडून अधिक घेणे किंवा मेंढपाळाला कमी देणे. बहुतेक ठिकाणी दोन्ही थोडे थोडे झाले.

मागणीची बाजू दुबळी नाही, हेही लक्षात घ्यावे. पुणे परिसरात ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी लावलेली दुकाने दिसतात. वाडेबोल्हाई येथील देवीच्या भक्तांमध्ये शेळी-बोकड वर्ज्य असते आणि ते केवळ मेंढीचे मटण खातात. श्रद्धेतून निर्माण झालेली, पिढ्यानपिढ्या टिकलेली, विशिष्ट जनावराच्या मांसाची अशी स्थानिक मागणी अन्य प्रांतांत विरळाच. तरीही या पाटीमागे मेंढी कोठली, कोणत्या माळावर वाढली, याची नोंद नसते. तुलनेसाठी वेल्सचे उदाहरण घेता येईल. तेथील कोकराच्या मांसाला २००३ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक मानांकन मिळाले आणि कत्तल होणाऱ्या प्रत्येक जनावरामागे उत्पादक आणि कत्तलखाना यांच्याकडून मिळून घेतल्या जाणाऱ्या आकारावर तेथील मांस-विकास संस्था चालते. ती व्यवस्था येथे जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण तिची पूर्वअट प्रत्येक जनावर मोजले जाणे ही आहे. आपली अडचण पहिल्याच पायरीवर आहे.

मुंबईचे ताट

मुंबईच्या वाढीने दख्खनच्या मेंढपाळाला मोठी बाजारपेठ मिळाली असावी, असे सहज वाटते. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत (१८६५-१८७१) शहरातील कत्तलखाना वांद्र्याला हलवला गेला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्येच खुला झाला होता. पुणे, खडकी आणि अहमदनगर येथील लष्करी छावण्यांना मांसाचा नियमित पुरवठा लागे. परंतु रेल्वेने दख्खन जितकी जवळ आणली, तितकेच गुजरात, राजस्थान आणि मध्य भारतही जवळ आणले. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला तेव्हापासून आजतागायत तेथे, विशेषतः बकरी ईदच्या बाजारात, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील बकऱ्यांचेच वर्चस्व राहिले आहे. आकाराने मोठा, दिसायला देखणा बोकड ही त्या बाजाराची मागणी. ठेंगणा काळा उस्मानाबादी बोकड किंवा दख्खनी मेंढा ती पुरवू शकत नाही. राज्याच्या राजधानीचे ताट परराज्यातील कळपांवर भरते आणि राज्यातले जनावर नजीकच्या शहरांत किंवा दक्षिणेकडे जाते.

दक्षिणेकडील ओढ अलीकडे वाढली. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये मोठ्या अनुदानावर मेंढीवाटपाची योजना सुरू केली. वीस मेंढ्या आणि एक नर असा एकेक संच देण्यासाठी शेजारच्या राज्यांतून, त्यात महाराष्ट्रातूनही, मेंढ्यांची खरेदी झाली. २०१९ च्या पशुगणनेत तेलंगणातील मेंढ्यांची संख्या एक कोटी नव्वद लाखांच्या घरात पोहोचली; महाराष्ट्रात ती सुमारे २७ लाख होती. याच गणनेत महाराष्ट्रातील शेळ्या मात्र १ कोटी ६ लाख भरल्या, २०१२ च्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने अधिक. शेळी वाढते आणि मेंढी जागच्या जागी राहते, याचा अर्थ स्पष्ट आहे : दारात बांधता येणारे जनावर वाढत आहे आणि ज्याला रान लागते ते अडले आहे.

शासकीय योजनांतही हा कल उमटतो. २०१७ पासूनची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना वीस मेंढ्या व एक नर या प्रमाणात पाऊणपट अनुदान देते आणि पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी चराई अनुदानाचीही तीत सोय झाली. चराई ही खर्चाची बाब आहे हे शासनाने प्रथमच मान्य केले, म्हणून ही तरतूद महत्त्वाची; मात्र पैसा दिला तरी रान कोठून आणावयाचे, हे तीत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ च्या सुधारित स्वरूपात पाचशे माद्या आणि पंचवीस नरांच्या मोठ्या प्रकल्पालाही पन्नास टक्के अनुदान आहे. हा प्रकल्प भांडवल, जमीन आणि बँकेची ओळख असलेल्यासाठी आहे. त्यातून मांसाचे उत्पादन वाढेलही. ते वाढवणारा मेंढपाळच असेल असे नाही.

२०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून जो वाद पेटला, तो या सगळ्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली भागाला महापुराचा तडाखा बसला होता. किलोचा दर सहाशेच्या आसपास गेला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या शहरात तो केवळ महागाईचा प्रश्न राहिला नाही. नागरिकांनी आंदोलन केले, काही ठिकाणी लोकांनी एकत्र येऊन स्वतः बकरी कापून मटण वाटून घेतले, विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली, बैठका झाल्या. वाद ग्राहक आणि विक्रेते यांच्यात होता. एका किलोमागे मेंढपाळाला किती मिळतात आणि किती मिळावेत, हा वादाचा विषय नव्हता. अखेर तडजोड झाली ती दुकानातील किलोच्या दरावर. आठवडा बाजारात मेंढपाळाचे जनावर त्यानंतरही नगावरच विकले जात राहिले.